‘नुसते डावीकडे वळायचे’ या समजाला मार्टिन्सव्हिलचे उत्तर

अमेरिकेतील नॅसकार मोटार शर्यतींविषयीचा एक मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतो. त्याचा आशय असा : या शर्यतीत ॲक्सिलरेटर दाबून धरायचा आणि डावीकडे वळत राहायचे, एवढेच काम असते, ज्यांना फॉर्म्युला वन झेपत नाही ते तिकडे वळतात, आणि खात्री करायची असेल तर नॅसकार चालक रॉस चॅस्टेनची चित्रफीत पाहावी, त्याने स्टिअरिंग न फिरवताच पाच गाड्या मागे टाकल्या. अंडाकृती धावपट्टीवर वळणे डावीकडचीच असतात, एवढे यातले खरे आहे.

ॲक्सिलरेटर दाबून धरण्याची कल्पना डेटोनासारख्या धावपट्टीवरून आलेली दिसते. तिचा घेर चार किलोमीटरचा आणि वळणांचा आतल्या बाजूला असलेला उतार ३१ अंशांचा असल्यामुळे तिथे पूर्ण वेगातच वळता येते. व्हर्जिनियातील मार्टिन्सव्हिलची गोष्ट अगदी वेगळी आहे. १९४७ साली सुरू झालेली आणि नॅसकारच्या १९४९च्या पहिल्या हंगामापासून आजवर वेळापत्रकात टिकलेली ही एकमेव धावपट्टी ०.५२६ मैलांची, म्हणजे जेमतेम ८५० मीटरची आहे. सुमारे २४० मीटरचे दोन सरळ पट्टे आणि त्यांना जोडणारी दोन आखूड वळणे अशी तिची रचना असल्यामुळे तिला पेपरक्लिप म्हणतात, आणि वळणांचा उतार फक्त १२ अंशांचा आहे. दीड टन वजनाची गाडी सरळ पट्ट्यावर वेग घेते न घेते तोच तो वेग जवळजवळ निम्म्यावर आणावा लागतो. हंगामाच्या अखेरीस होणारी इथली शर्यत ५०० फेऱ्यांची, म्हणजे जोरदार ब्रेक सुमारे हजार वेळा. ब्रेकच्या चकत्या लालभडक झालेल्या प्रेक्षकांना बाहेरून दिसतात, आणि पहिल्या तीनशे फेऱ्यांत ज्याने ब्रेक निष्काळजीपणे वापरले त्याच्याकडे शेवटच्या शंभर फेऱ्यांत लढायला काही उरत नाही.

टायरांचे गणितही तसेच आहे. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर क्षणभर लवकर दाबला तर मागची चाके जागीच घसरतात आणि टायर तापतात. त्या एका फेरीत नुकसान दिसत नाही, पण चाळीस फेऱ्यांनंतर ते अंगावर येते. मार्च २०२४मध्ये टेनेसीतील ब्रिस्टलच्या अर्ध्या मैलाच्या काँक्रीटच्या धावपट्टीवर टायर अपेक्षेपेक्षा फार लवकर झिजू लागले, तेव्हा चालकांनी मुद्दाम हळू गाडी चालवून टायर राखले. आघाडी ५४ वेळा बदलली, जो आखूड धावपट्टीवरचा विक्रम ठरला, आणि अखेरीस डेनी हॅमलिन जिंकला. हळू चालवण्याचे कौशल्य ज्या शर्यतीत निर्णायक ठरते, तिला ‘पाय दाबून धरण्याचा खेळ’ म्हणणे मला तरी धाडसाचे वाटते.

गर्दीचा विचार तर त्या मजकुरात कुठेच नाही. ३६ गाड्या ८५० मीटरमध्ये सारख्या अंतराने उभ्या केल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला चोवीस मीटरही येत नाहीत. त्यामुळे आघाडीवरच्याला थोड्याच फेऱ्यांत सर्वांत मागची गाडी गाठून तिला वळसा घालावा लागतो, आणि हे शर्यतभर चालू राहते.

फॉर्म्युला वनचा मुद्दा अधिक काळजीने पाहायला हवा, कारण दोन्हीकडे यशस्वी झालेले लोक आहेत : मारिओ आंद्रेती १९६७ साली नॅसकारची डेटोना ५०० ही शर्यत जिंकला आणि १९७८ साली फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला. परंतु फॉर्म्युला वनमधील शर्यती जिंकून आलेला हुआन पाब्लो मोंतोया २००७पासून सात हंगाम नॅसकारच्या मुख्य मालिकेत पूर्णवेळ धावला आणि दोनच शर्यती जिंकला, सोनोमा व वॉटकिन्स ग्लेन. दोन्ही ठिकाणी डावीकडेही वळावे लागते आणि उजवीकडेही. नॅसकारमध्ये नुसत्या डाव्या वळणांच्या धावपट्टीवर त्याला एकही विजय मिळाला नाही. फॉर्म्युला वनमध्ये धावलेला आपल्याकडचा नारायण कार्तिकेयन २०१० साली नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरला तो याच मार्टिन्सव्हिलवर. तो पहिल्याच शर्यतीत तेरावा आला, पण त्या मालिकेत त्यालाही विजय मिळाला नाही.

आता ती चित्रफीत. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मार्टिन्सव्हिलच्या शेवटच्या फेरीत चॅस्टेन दहावा होता आणि अजिंक्यपदासाठी लढणाऱ्या अंतिम चौघांत जाण्यासाठी त्याला आणखी दोन स्थाने हवी होती. त्याने पाचवा गिअर टाकला, ब्रेक न लावता गाडी बाहेरच्या भिंतीला भिडवली आणि भिंतीच्या आधाराने शेवटचे वळण पार करून पाच गाड्या मागे टाकल्या. वळताना गाडीला आत खेचणारे बल एरवी टायरांच्या पकडीतून येते आणि त्या पकडीला मर्यादा असते, म्हणूनच ब्रेक लावावा लागतो. इथे ते बल भिंतीने पुरवले. त्याच्या फेरीला १८.८४५ सेकंद लागले, म्हणजे २०१४ साली जोई लोगानोने पात्रता फेरीत नोंदवलेल्या १८.८९८ सेकंदांच्या विक्रमापेक्षाही कमी. याचा अर्थ कौशल्य निरुपयोगी आहे असा होत नाही. अर्धीच फेरी ब्रेकशिवाय काढून जर विक्रम मोडत असेल, तर उरलेल्या ४९९ फेऱ्यांची सारी लढत त्या ब्रेकच्या जागीच चालू होती, असाच होतो. शिवाय गाडीची उजवी बाजू त्यात चिरडली गेली. ही युक्ती शेवटच्या फेरीतच शक्य होती, कारण नंतर गाडी चालवायचीच नव्हती.

तरीही कोणी म्हणेल की मग दरवेळी शेवटच्या फेरीत सगळेच तसे का करत नाहीत. जानेवारी २०२३मध्ये नॅसकारने स्पष्ट केले की सुरक्षेच्या विद्यमान नियमाखाली अशा कृतीला यापुढे वेळेचा दंड होईल. नोव्हेंबर २०२४मध्ये त्याच धावपट्टीवर ख्रिस्तोफर बेलची गाडी शेवटच्या वळणात भिंतीला लागली आणि तो भिंतीलगतच पुढे गेला. हे मुद्दाम केले नव्हते, असे त्याचे म्हणणे होते. त्याला दंड झाला आणि अंतिम चौघांतली त्याची जागा विल्यम बायरनला मिळाली. २०२२ची ती शर्यत हाच बेल जिंकला होता, भिंतीला न भिडता.