पडद्याच्या त्या टोकाला कोण बसणार?

इंदूरच्या मराठी डॉक्टरमंडळींत आणि त्यांच्या घरांत कोरोनानंतर एक वाद अजून मिटलेला नाही: तज्ज्ञ डॉक्टरने रुग्णाला व्हिडिओवर पाहावे की नाही. एका बाजूचे म्हणणे असे की हात न लावता केलेली तपासणी ही तपासणीच नव्हे. दुसऱ्या बाजूला वाटते की घरोघरी मोबाइल पोहोचल्यावर झाबुआच्या किंवा बडवानीच्या रुग्णाला इंदूरपर्यंत ओढत आणण्याचे कारणच उरलेले नाही. मी मूळची इंदूरची आणि आता ब्रिस्बेनमध्ये मेंदूविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात टेलिमेडिसिनची व्यवस्था पाहते. इथून हा वाद ऐकताना मला सारखे जाणवते की दोन्ही बाजू डॉक्टर आणि पडदा यांच्याबद्दलच बोलत आहेत. मिरगीसारख्या दीर्घकाळ चालणाऱ्या आजारात ही सेवा टिकते की बंद पडते, हे मात्र रुग्णाच्या शेजारी कोण बसले आहे आणि त्या माणसाला पगार कोण देतो, यावर ठरते.

कायद्याची अडचण आता फारशी नाही. २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे देशभर टाळेबंदी लागू झाली त्याच दिवशी, केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओवर सल्ला देऊ शकतो आणि प्रत्यक्ष भेटीइतकी फी घेऊ शकतो, मात्र पावती द्यावी लागते. कोणत्या भेटीत कोणती औषधे लिहिता येतील याच्या याद्याही त्यांत आहेत. इंदूरच्या वादात ज्याचा उल्लेख होत नाही ते कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: परिचारिकेने किंवा आरोग्य कर्मचाऱ्याने रुग्णाजवळ बसून डॉक्टरशी संपर्क साधणे ही त्या तत्त्वांत मान्य केलेली स्वतंत्र पद्धत आहे. फेब्रुवारी २०२३ पर्यंत दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा गाठणाऱ्या ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेतही आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्याने डॉक्टरशी गाठ घालून देण्याची सोय आहे. खाजगी तज्ज्ञांच्या दवाखान्यांनी मात्र यातून डॉक्टर आणि मोबाइल एवढेच उचलले, आणि मग रात्री व्हॉट्सॲपवर येणाऱ्या अस्पष्ट फोटोंना टेलिमेडिसिन म्हटले जाऊ लागले.

ब्रिस्बेन ज्याची राजधानी आहे त्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याचे क्षेत्रफळ सतरा लाख चौरस किलोमीटरहून अधिक, म्हणजे मध्य प्रदेशाच्या पाचपटीहून जास्त आहे. त्यातल्या माउंट आयझा गावच्या रुग्णाला ब्रिस्बेनला यायचे तर अंतर सुमारे अठराशे किलोमीटर पडते आणि पात्र रुग्णाच्या या प्रवासासाठी राज्य सरकार अनुदान देते. त्यामुळे टळलेला प्रत्येक प्रवास सरकारी तिजोरीची बचत ठरतो. जुलै २०११ मध्ये इथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेने तज्ज्ञांच्या व्हिडिओ सल्ल्यासाठी पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हाच रुग्णाशेजारी बसणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांसाठीही वेगळा मोबदला ठरवला. अलीराजपूरहून गंगवाल बसस्थानकावर उतरणाऱ्या कुटुंबाचे बसभाडे, मुक्काम आणि बुडालेली मजुरी मात्र कोणाच्याच हिशेबाच्या वहीत येत नाही. ते पैसे रुग्ण भरतो, म्हणून ते वाचवण्यासाठी कोणी खर्च करत नाही. ऑस्ट्रेलियाची यंत्रे, सॉफ्टवेअर आणि वेगवान इंटरनेट यांचे आपल्याकडे फार कौतुक होते. खरा फरक या हिशेबात आहे.

हात लावल्याशिवाय तपासणी नाही म्हणणाऱ्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर दिसणारी नसेची सूज, स्नायूंचा ताण, गुडघ्यावर हातोडी मारून पाहायची प्रतिक्षिप्त क्रिया यांतले काहीही कॅमेऱ्यावर नीट कळत नाही. म्हणून नव्या रुग्णाची पहिली भेट प्रत्यक्षच व्हावी. पण मिरगीच्या उपचारात पहिल्या भेटीनंतर वर्षानुवर्षे जे चालते ते बहुतांशी संभाषण असते: किती झटके आले, गोळ्या चुकल्या का, झोप होते का, चालताना तोल जातो का. घरच्यांनी मोबाइलवर टिपलेला झटक्याचा व्हिडिओ तर डॉक्टरला प्रत्यक्ष भेटीत सहसा पाहायला मिळत नाही अशी गोष्ट दाखवतो. योग्य औषधे नियमित मिळाली तर सुमारे सत्तर टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या वाक्यातला ‘नियमित’ हा शब्द इंदूरच्या दवाखान्यात बसून पाळता येत नाही. तो पाळला जातो बडवानीच्या एखाद्या घरात.

त्या घरात कोण कोण आहे, हा प्रश्न मला सर्वांत नाजूक वाटतो. हिंदू विवाह कायद्यातून लग्नासाठी मिरगी नसण्याची अट १९९९ साली काढून टाकली गेली, तरी लग्न ठरवताना हा आजार लपवण्याची रीत आपल्याकडे गेलेली नाही. नुकतेच लग्न झालेल्या मुलीला सासूच्या देखत पडद्यावर ‘गोळ्या घेतेस का?’ असे विचारले, तर ती काय उत्तर देणार? तिला व्हॅल्प्रोएट हे गर्भाला अपायकारक ठरू शकणारे मिरगीचे औषध चालू असेल तर गर्भारपणाआधी औषध बदलण्याचा विषय काढावाच लागतो, आणि तो चारचौघांत निघत नाही. भेट सुरू होताच ‘तुम्ही आत्ता नेमक्या कुठे आहात आणि खोलीत आणखी कोण आहे?’ हे विचारण्याची आमच्याकडे सक्त शिस्त आहे. झटका आलाच तर मदत कुठे पाठवायची हेही त्यातूनच कळते. इंदूरच्या दवाखान्यानेही पत्ता, शेजाऱ्याचा फोन आणि जवळचे रुग्णालय आधीच लिहून ठेवले, तर १०८ला सांगताना गोंधळ होणार नाही. पण खोलीचे दार लावून घेण्याचे काम डॉक्टर पडद्यातून करू शकत नाही. ते तिथली परिचारिका करते, आणि ती भिली किंवा निमाडी बोलणारी असेल तर मुलगी तिच्याजवळ बोलते.

भेटीच्या आदल्या दिवशी फोन करून वजन, झटक्यांची नोंद, गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो आणि रक्ताचे अहवाल गोळा करून केसपेपरला लावणे हेही त्या परिचारिकेचेच काम असावे. व्हिडिओच्या भेटींना स्वतंत्र वेळ राखून ठेवावी. ओपीडीच्या गर्दीत दोन रुग्णांच्या मध्ये त्या घुसवल्या तर दोघांवरही अन्याय होतो.

आता पैशांचे. इंदूरच्या दवाखान्याने व्हिडिओवरच्या पाठपुराव्याची फी प्रत्यक्ष भेटीइतकीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ती भरूनही अलीराजपूरच्या कुटुंबाचा प्रवासाचा आणि मजुरीचा खर्च वाचतो. त्या फीतून अलीराजपूर, बडवानी अशा ठिकाणी एकेक प्रशिक्षित परिचारिका नेमावी. तिला दर रुग्णामागे रक्कम देण्याचा मोह होईल, पण तो टाळला पाहिजे: रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देण्या-घेण्याला डॉक्टरांच्या २००२च्या आचारनियमांत मनाई आहे, आणि तशा पैशांनी गरज नसलेल्या भेटीही वाढतात. महिन्याचा ठरलेला पगार, नेमणूकपत्र आणि दवाखान्याच्या हजेरीपटावर नाव, एवढे तरी तिला मिळायला हवे.