आमचं काही नाही हो, पण...

तुमच्या इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्यानं जायचाय. पार्टी चांगली आहे, नवरा-बायको दोघं आयटीत, डिपॉझिट एकरकमी. फक्त नाव विचारायचं राहिलंय. इथून तुमचं काम सुरू.

नुसत्या नावावर भागवू नका. समीर, कबीर हिंदू-मुसलमान दोन्हीकडे चालतात. आडनावावरही विसंबू नका. देशमुख, पाटील, इनामदार, कोकणात देसाई, खोत... आणि ही माणसं तुमच्यापेक्षा बरं मराठी बोलतात, त्यामुळे फोनवर हमखास फसगत होते. आधार कार्डाचा फोटो मागवा, वडिलांचं नाव वाचा.

आता नकार. ‘मुसलमानांना देत नाही’ असं तोंडातून निघता कामा नये. ‘शाकाहारी सोसायटी आहे’ हे चाललं असतं, पण दर रविवारी दुसऱ्या मजल्यावर बोंबील तळले जातात आणि वास पार्किंगपर्यंत येतो. म्हणून एनओसी. ‘सोसायटी एनओसी देत नाही’ यात कुणाचाच हात दिसत नाही. अडचण एवढीच की आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या सरकारी नमुना नियमांनुसार, भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागतच नाही. फक्त कळवायचं, नोंदणी केलेल्या कराराची प्रत जोडायची, पोलिसांना माहिती द्यायची आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून बिनभोगवटा शुल्क भरायचं, तेही सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच. तेव्हा उपविधींची ती पुस्तिका ऑफिसच्या कपाटातच राहू द्या. एखाद्या खवट सभासदानं ‘नकार लेखी द्या, इतिवृत्तात नोंदवा, मी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जातो’ म्हटलं की कमिटीचा आवाज लगेच खाली येतो. असला सभासद तुम्ही होऊ नका. फार तर जिन्यात हळूच म्हणा, ‘मला व्यक्तिशः काहीच प्रॉब्लेम नव्हता.’

मग संध्याकाळी ग्रुपवर ‘बघा, ही माणसं काय करतात’ म्हणत व्हिडिओ येईल. तो मध्येच थांबवून मागच्या दुकानाची पाटी किंवा गाडीची नंबरप्लेट वाचू नका. पाटी भलत्याच देशाची निघाली तर सगळी मजा जाते. बऱ्याचदा फिरल्याची दोन बाणांची खूण असेल तर तो एका वेळी एकाच ठिकाणी पुढे जातो. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्यांच्या अफवेवरून पाच जणांना ठेचून मारलं, त्याच महिन्यात भारतात फॉरवर्डवर पाचाची मर्यादा आली; एकावर ती नंतर आणली. मेलेले नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागायला आलेले. आडनाव विचारायला तिथं कुणी थांबलं नव्हतं.

खरी कसोटी रेल्वेच्या डब्यात. ऑगस्ट 2024 मध्ये धुळ्याहून मुंबईला येणाऱ्या गाडीत एका म्हाताऱ्याला बरणीत गोमांस असल्याच्या संशयावरून मारलं, चित्रीकरणही केलं. डब्यात माणसं होतीच. गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीला राज्यात बंदी आहे, म्हशीला नाही. पण हा मुद्दा तुम्ही काढू नका, बरणीत काय आहे ते तपासणं कुणा प्रवाशाचं काम नाही हा तर मुळीच नको. मुख्य म्हणजे त्या म्हाताऱ्याशेजारी जाऊन बसू नका. ‘काका, कुठं उतरणार? पाणी हवंय?’ एवढं विचारलं तरी दमदाटीची लय तुटते. समोरची चार टाळकी प्रेक्षक शोधत असतात आणि प्रेक्षकच पाणी देऊ लागला तर त्यांची पंचाईत होते. दुसऱ्या कुणी रेल्वेचा मदत क्रमांक 139 लावला तर पुढच्या स्टेशनावर पोलीस येतात, आणि साक्षीदार म्हणून तुमचं नाव लिहिलं जातं. त्यापेक्षा खिडकीबाहेर बघा. कसारा घाट पावसाळ्यात सुंदर दिसतो.

चुकून चित्रीकरण झालंच तर मूळ फाइल ठेवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवा आणि पुसून टाका. फिरवताना तारीख-वेळेची मूळ माहिती गळते, चित्र दबतं, मग कोर्टात वकिलाला बोलायला जागा मिळते. पीडिताला हेही सांगू नका की गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, प्रत फुकट मिळते, आणि नाही घेतला तर पोलीस अधीक्षकांना टपालानं तक्रार पाठवता येते. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये जिल्ह्याजिल्ह्याला झुंडबळींसाठी अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलंय. त्याचं नाव शोधायला कुणाला वेळ आहे?

ईदला मात्र ऑफिसातल्या मित्राकडे जरूर जा. शीरखुर्मा दोन वाट्या घ्या, फोटो टाका. रिक्षाचे पैसे जवळ ठेवा, त्याचं घर जरा लांब आहे. तुमच्या इमारतीत त्यानं विचारून पाहिलं होतं.