येऊ दे, येऊ दे!

पार्किंगच्या जागेत गाडी मागून घालायला रिव्हर्स गिअर पडला की कुठून तरी एक माणूस उगवतोच. ज्या आरशात आपल्याला पांढरा पट्टा बघायचाय, नेमका त्याच आरशात तो उभा राहतो. ‘येऊ दे, येऊ दे, फुल काट!’ कुठल्या बाजूला काट, हे तो सांगत नाही. त्याचं ‘बास!’ बंपर वाजल्यावर येतं. मला विचाराल तर आधी त्याला बाजूला करावं.

जागा डावीकडे आहे असं धरू. रांगेपासून मीटर-दीड मीटर अंतर ठेवून जागेच्या पुढे जा, नाक थोडं उजवीकडे काढा आणि थांबा. डावा आरसा इतका खाली करा, की मागचं चाक आणि पट्टा दोन्ही दिसतील. आता हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा दाबून, गाडी गोगलगायीच्या चालीने मागे आणि स्टेअरिंग डावीकडे काटणारे हात मात्र भराभर. नवशिक्यांचं बरोबर उलटं होतं!

वळण लवकर घेतलं तर अलीकडच्या गाडीचा कोपरा घासतो, उशिरा घेतलं तर पलीकडच्या गाडीवर संक्रांत. त्यात वळतात पुढची चाकं, त्यामुळे शेपूट आत शिरत असताना नाक उजवीकडे झोकांडी घेतं. सगळे मागे बघत असतात आणि खांबाला लागतो तो पुढचा उजवा कोपरा.

गाडी पट्ट्यांना समांतर होण्याच्या जरा आधीच स्टेअरिंग सरळ करायला लागा. पूर्ण काटलेलं स्टेअरिंग सरळ व्हायला साधारण दीड फेरा लागतो. लोक एकच फेरा फिरवून ‘झालं सरळ’ म्हणतात आणि गाडी वळतच राहते.

अडीच मीटरच्या जागेत पावणेदोन मीटरची गाडी लावली की दोन्ही बाजूंना जेमतेम पस्तीस-चाळीस सेंटिमीटर उरतात. त्यातून दार उघडून पोटासकट बाहेर पडायचं असतं, म्हणून ही वाटणी समसमान हवी. चुकलं तर सरळ पुढे येऊन पुन्हा घ्या. उभ्या गाडीत स्टेअरिंग घुसळून टायर झिजतात, गाडी तसूभरही सरकत नाही. कॅमेऱ्यावरही फार विसंबू नका. त्याच्या रुंद भिंगातून भिंत आहे त्याहून लांब दिसते.

आणि शेजारची गाडी तिरकी असेल तर तिच्याशी समांतर लावू नका, पट्टा बघा. ती निघून गेली की वाकडी लावणारे तुम्हीच ठरता.