बिल पाहिजे का भाऊ?

आमच्या आर्वीकडचा कोणी पोरगा लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या म्हणून कॅमेरा घ्यायला निघाला, की मला सोबत ओढतो. कापसाचे पैसे असतात, रुमालात बांधलेले. आणि सीताबर्डीवर दरवेळी तोच तमाशा! फोनवरचा भाव ऐकून एसटीत हाडं खिळखिळी करत नागपूर गाठावं, तर काउंटरवर पहिला प्रश्न, "बिल पाहिजे का भाऊ?" पाहिजे म्हटलं की १८ टक्के वर. अरे बावा, जानेवारी २०१९ मध्ये कॅमेऱ्यावरचा जीएसटी २८ वरून १८ झाला, तेव्हा तुमचा भाव उतरलेला मी तरी नाही पाहिला!

बिल नाही तर वॉरंटी कशाच्या जोरावर मागशील, हे पोराला मीच समजवायचं. मग फुकटची खिरापत: बॅग, पुसायचं फडकं, ट्रायपॉड. मागच्या खेपेला त्या ट्रायपॉडचा पाय दुकानातच निखळला. मेमरी कार्डाचे पैसे मात्र वेगळे.

जुना पाहावा तर म्हणे, "घरगुती वापर, लय कमी चालला." शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्यानं आजवर किती फोटो काढले तो आकडा, पाहिला, तर ८७ हजार! काहून बे, बारशापासून तेरवीपर्यंत सगळं गाव काढलं काय घरात बसून? लेन्समध्ये बुरशीची जाळी, ती टॉर्च मारल्यावर दिसली. त्यावर उत्तर, "फोटोत नाही येत ते."

सोमवारी आता मावसभावाची पाळी. काल रात्रीच फोन आला, "दादा, बिल नाही घेतलं तं किती वाचतीन?"