निवाऱ्यातील खाट आणि ‘फुकटखाऊ’ हा शिक्का: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

मोठ्या शहरांतील बेघर निवाऱ्यांविषयीचा एक संदेश सध्या समाजमाध्यमांवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: फुकट खाट आणि फुकट जेवण मिळत असल्यामुळे माणसे तिथून हलत नाहीत. तरीही जे रस्त्यावर झोपतात ते हौसेने झोपतात. बहुतेक सगळे व्यसनी असल्यामुळे आधी व्यसन सुटावे, मग छपराचे पाहावे. आणि निवारे बंद केल्यास करदात्यांचा पैसा वाचेल.

पहिले विधान मोजून तपासता येते. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया येथील निवाऱ्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवर डेनिस कल्हेन आणि रँडल कून या संशोधकांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की येणाऱ्यांपैकी सुमारे 80 टक्के माणसे थोडे दिवस राहून बाहेर पडतात आणि त्यांतील बहुतेक जण पुन्हा फिरकत नाहीत. दीर्घकाळ राहणारे साधारण 10 टक्के. मात्र खाटांच्या एकूण दिवसांपैकी जवळजवळ निम्मे दिवस हेच लोक व्यापतात. त्यामुळे कोणत्याही रात्री निवाऱ्यात डोकावणाऱ्याला तेच ते चेहरे दिसतात आणि ‘इथून कोणी जातच नाही’ असा त्याचा समज होतो. गेलेली माणसे त्याला दिसणार तरी कशी? शिवाय हे मागे राहणारे लोक तुलनेने वयस्कर आणि शारीरिक किंवा मानसिक आजारांनी जखडलेले असतात, याचा संदेशात उल्लेख नाही.

‘खाट आणि जेवण’ एवढेच निवाऱ्याचे काम असते, हे त्याच विधानामागचे न बोललेले गृहीतक आहे. बोस्टनमधील पाइन स्ट्रीट इन हा 1969 पासून चालणारा मोठा निवारा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. 1985 मध्ये डॉ. जेम्स ओकॉनेल तिथे रुग्ण तपासायला गेले, तेव्हा तिथल्या अनुभवी परिचारिकांनी त्यांना स्टेथोस्कोप बाजूला ठेवून आधी लोकांचे पाय धुवायला बसवले. दिवसभर उभे राहून किंवा चालून सुजलेले, चोरीच्या भीतीने रात्रीही बुटांतच राहिलेले पाय कोमट पाण्याच्या टबात सोडून बसलेला माणूस हळूहळू बोलू लागतो, आणि जखम, मधुमेह, सुटलेले औषध यांचा पत्ता त्या गप्पांत लागतो. रुग्णालयांवर विश्वास उरलेला नसलेल्या माणसापर्यंत पोहोचण्याचा हा मार्ग डॉक्टरांना परिचारिकांनी शिकवला, हे मला विशेष वाटते. याच संस्थेची वाहने रात्री रस्त्यांवर फिरून लोकांची विचारपूस करतात, स्वयंपाकघरात रोजगाराचे प्रशिक्षण दिले जाते, आणि कायमस्वरूपी घरांत राहणाऱ्या तिच्या भाडेकरूंची संख्या आज तिच्या निवाऱ्यांतील खाटांपेक्षा जास्त आहे. हरवलेले ओळखपत्र नव्याने काढून देणे, घरासाठी अर्ज भरणे आणि त्याचा पाठपुरावा करणे ही केस वर्करची, म्हणजे एकेका माणसाची अडचण हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याची, कामे तर कोणत्याही चांगल्या निवाऱ्यात रोजचीच असतात. ज्याच्याजवळ पत्ताच नाही त्याला यातला एकेक कागद मिळवताना किती चकरा माराव्या लागतात, हे संदेश लिहिणाऱ्याला ठाऊक नसावे.

‘हौसेने रस्त्यावर झोपतात’ या विधानाला न्यूयॉर्कचा न्यायालयीन इतिहासच उत्तर देतो. तिथे 1979 मध्ये रॉबर्ट कॅलाहन आणि इतर बेघर पुरुषांच्या वतीने वकील रॉबर्ट हेज यांनी दावा दाखल केला आणि त्यांची मागणी झोपायला जागा मिळावी, एवढीच होती. 1981 मध्ये तडजोडीचा हुकूमनामा होऊन शहराने निवारा देण्याचे बंधन स्वीकारले. परंतु त्याआधीच कॅलाहन यांचा रस्त्यावर मृत्यू झाला होता. खाट नाकारणारेही असतात, हे खरे. पती-पत्नींना वेगळे ठेवणे, पाळीव कुत्रा आत येऊ न देणे, सामानावरची मर्यादा, रात्रपाळी करणाऱ्याला न जुळणारी प्रवेशाची वेळ, चोरी आणि मारहाण ही त्यांची नेहमीची कारणे आहेत. काही निवारे खरोखरच राहण्यालायक नसतात आणि तिथे न जाणाऱ्याला दोष देता येणार नाही. पण ही सगळी त्या जागेविषयीची तक्रार आहे. तिचा अर्थ छप्पर नको असा लावणे ओढूनताणून आहे.

व्यसनाचा मुद्दा दोन भागांत मोडतो. व्यसनामुळेच माणसे बेघर होत असती, तर अमली पदार्थांच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंत अमेरिकेत अनेक वर्षे अग्रस्थानी राहिलेल्या वेस्ट व्हर्जिनियात बेघरांचे प्रमाणही सर्वाधिक असायला हवे होते. प्रत्यक्षात ते कमी आहे आणि भरमसाट भाडे असलेल्या न्यूयॉर्क व कॅलिफोर्नियात जास्त आहे. ‘आधी व्यसन सोडा’ या अटीची तर परीक्षाच झालेली आहे. मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी 1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ही अट उलटी करून आधी घर देण्याची पद्धत सुरू केली. पुढे कॅनडातील पाच शहरांत सुमारे 2,000 मानसिक आजारी बेघरांवर तिची चाचणी झाली, तेव्हा अभ्यासाच्या शेवटच्या सहा महिन्यांत आधी घर मिळालेल्यांपैकी 62 टक्के लोक पूर्ण काळ घरात होते, तर नेहमीच्या सेवांवर सोडलेल्या गटात हे प्रमाण 31 टक्के होते.

पैशाच्या बाबतीत संदेशात बचतीचा दावा आहे, पण खर्च जातो कुठे याचा हिशेब नाही. रस्त्यावरचा माणूस रुग्णवाहिका, आपत्कालीन विभाग, पोलीस कोठडी यांच्या बिलांत उरतोच. याच कॅनडातील अभ्यासात सर्वाधिक खर्चिक 10 टक्के लोकांच्या बाबतीत, घर व सेवांवर घातलेल्या दर 10 डॉलरमागे इतरत्र सरासरी 21.72 डॉलर वाचले. सर्वांच्याच बाबतीत असा फायदा झाला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

निवारे कमी व्हावेत, एवढ्यापुरते माझे संदेशाशी दुमत नाही. फिनलंडची राजधानी हेलसिंकीत 2008 मध्ये अशा 558 खाटा होत्या आणि 2016 मध्ये 52 उरल्या. पण तिथे खाटा काढण्याबरोबर घरे उभी राहिली: साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या सुमारे 250 खाटांच्या वसतिगृहाचे 81 स्वतंत्र सदनिकांत रूपांतर झाले, राहणाऱ्यांशी रीतसर भाडेकरार झाले आणि मदतीला कर्मचारी त्याच इमारतीत राहिले. फिरत्या संदेशात खाटा काढून घेण्याची मागणी आहे. घरांविषयी त्यात एक ओळही नाही.