‘हेमी’चा गोल आणि त्यातला घोळ

गाड्यांच्या गप्पांत एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, आशय हाच: “हेमी म्हणजे क्रायस्लरने शोधलेलं व्ही-८ इंजिन. त्याचा ज्वलनकक्ष बरोब्बर अर्ध्या चेंडूसारखा असतो. त्यामुळे ठिणगी सगळीकडे एकदम पोचते, पेट्रोल पूर्ण जळतं आणि म्हणून ताकद जास्त मिळते. आजची चार व्हॉल्व्हची इंजिनंही खरं तर हेमीच. मूळ हेमी बंद पडलं ते फक्त प्रदूषणाच्या कायद्यांमुळे, आणि २००३ मध्ये ते जसंच्या तसं परत आलं.”

‘हेमी’ हे ‘हेमिस्फेरिकल’चं, म्हणजे ‘अर्धगोलाकार’चं लघुरूप; क्रायस्लर ही अमेरिकन मोटार कंपनी; व्ही-८ म्हणजे व्हीच्या आकारात मांडलेले आठ सिलिंडर; आणि ज्वलनकक्ष म्हणजे सिलिंडरच्या माथ्याशी पेट्रोल जळतं ती जागा. एवढ्याशा परिच्छेदात इतक्या चुका कोंबायच्या तर कौशल्य लागतं. त्यात अर्धसत्यंही आहेत, म्हणूनच तो मजकूर पटतो. एकेक दावा घेऊ या. पहिल्या दोघांवर जरा रेंगाळणार आहे, कारण बाकीचा घोळ तिथूनच सुरू होतो.

“ज्वलनकक्ष बरोब्बर अर्ध्या चेंडूसारखा असतो”

शाळेतलं घनफळाचं सूत्र आठवा. अर्धगोलाचं घनफळ हे तेवढ्याच व्यासाच्या आणि व्यासाच्या एक तृतीयांश उंचीच्या दंडगोलाइतकं असतं. आता ९० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ९० मिमी स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) असलेलं इंजिन घ्या. पिस्टनचा माथा सपाट ठेवा आणि वर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडर वरून बंद करणाऱ्या भागात, खराखुरा अर्धा चेंडू कोरा. पिस्टन अगदी वर आला की उरलेली जागा ३० मिमी उंचीच्या दंडगोलाएवढी. पिस्टन तळाला गेला की ती १२० मिमीची. १२० भागिले ३०, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ४. तो १० करायचा तर स्ट्रोक २७० मिमी लागेल! बोअरच्या तिप्पट. त्याला इंजिन म्हणायचं की बोअरवेल, हे ज्याचं त्याने ठरवावं.

ज्या इंजिनामुळे हे नाव घरोघरी पोचलं त्यालाच ही फूटपट्टी लावू. क्रायस्लरचं ४२६ घनइंचाचं, म्हणजे ७ लिटरचं इंजिन: बोअर १०८ मिमी, स्ट्रोक ९५ मिमी. सपाट पिस्टनवर खरा अर्धगोल असता तर कॉम्प्रेशन रेशो साडेतीनच्या जेमतेम वर गेला असता. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी विकलेल्या ‘स्ट्रीट हेमी’चा रेशो १०.२५ होता. दर सिलिंडरमागे अर्धगोलात जवळजवळ ३३० सीसी मावले असते, १०.२५ साठी जागा हवी फक्त ९४ सीसी. म्हणजे तीन चतुर्थांशापेक्षा थोडी कमी जागा कुठे तरी भरून काढावी लागते.

ती दोन मार्गांनी भरतात. एक, हेडमधला खड्डा पूर्ण अर्धगोल न करता गोलाचा उथळ काप ठेवतात. दोन, पिस्टनच्या डोक्यावर उंचवटा देतात आणि त्यात व्हॉल्व्ह आपटू नयेत म्हणून खाचा पाडतात. तेव्हा पिस्टन वर असताना, नेमकी ठिणगी पडते त्या वेळी, उरते ती जागा अर्ध्या संत्र्यासारखी नसते. संत्र्याच्या सालीसारखी असते. नुसतं हेड उलटं करून काढलेला फोटो पाहिला की अर्धगोलच दिसतो, हे खरं. पण पेट्रोल नुसत्या हेडमध्ये जळत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेट्रोल इतक्या कमी प्रतीचं होतं की रेशो ४ च्या आसपासच ठेवावा लागे. अर्ध्या चेंडूचं चित्र त्या काळाला शोभतं.

मग व्याख्या कशाने करायची? मांडणीने. सिलिंडरमागे दोन व्हॉल्व्ह. ते एका रांगेत उभे नसतात; सिलिंडरच्या अक्षाच्या दोन बाजूंना, एकमेकांपासून फाकलेले असतात. हवा एका कुशीतून आत, धूर समोरच्या कुशीतून बाहेर. स्पार्क प्लग वर, मध्याच्या शक्य तितका जवळ. आणि छत बोअरच्या काठापर्यंत जवळपास सलग वक्र, पिस्टनच्या माथ्याला समांतर अशी सपाट पट्टी न ठेवता. फाकलेल्या दोन व्हॉल्व्हची तोंडं एका छतात बसवायला गेलं की ते छत आपसूक घुमटाकार होतं. गोल हवा म्हणून कोणी व्हॉल्व्ह कलते केले नाहीत. व्हॉल्व्ह कलते केले म्हणून गोल आला. सगळा गोंधळ हा क्रम उलटा लावण्यातून झाला आहे.

“पेट्रोल पूर्ण जळतं म्हणून ताकद जास्त”

आधी किरकोळ दुरुस्ती: ठिणगी कुठे पोचत नाही, ती प्लगच्या टोकाशीच पडते. पसरते ती ज्योत.

हेमीची ताकद येते ती श्वासातून. ४२६ चा इनटेक (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह ५७ मिमीचा, एक्झॉस्ट (धूर सोडणारा) ४९ मिमीचा. बेरीज १०६. बोअर १०८. सपाट छतात हे दोघं शेजारी बसवायचे ठरवलं तर मधली भिंत आणि दोन्ही कडा मिळून जेमतेम दोन मिमी धातू उरतो. असं हेड पहिल्याच तापण्यात तडकेल. घुमटात मात्र जागा वाढते. पूर्ण अर्धगोलाच्या आतल्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ त्याच व्यासाच्या वर्तुळाच्या दुप्पट असतं. खोली त्रिज्येच्या निम्मी ठेवली तरी ते सव्वापट भरतं. शिवाय कलता व्हॉल्व्ह उघडतो तो सिलिंडरच्या भिंतीपासून दूर, मध्याकडे. त्यामुळे त्याच्या कडेने येणाऱ्या हवेला भिंत आडवी येत नाही. पोर्टही, म्हणजे हवेच्या ये-जा करायच्या वाटाही, सरळ राहतात, हवेला कोपऱ्याकोपऱ्यावर वळावं लागत नाही. जास्त हवा आत आली की जास्त पेट्रोल देता येतं. वरच्या आरपीएमला, जिथे साधं इंजिन धापा टाकू लागतं, तिथे हे अजून ओढत असतं.

जळण्याच्या बाबतीत मात्र चित्र संमिश्र आहे. ठरावीक घनफळाला गोल आकाराचा पृष्ठभाग सर्वांत कमी, म्हणून भिंतींतून उष्णता कमी वाया जाते, हे तत्त्व बरोबर. प्लग मध्याजवळ असल्याने ज्योतीला चहूबाजूंना सारखंच अंतर कापावं लागतं, हेही बरोबर, आणि नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून बसणारे ठोके) टाळायला त्याची मदत होते. पण हे दोन्ही फायदे जागा मोकळी आणि आटोपशीर असेल तेव्हाचे. रेशो वाढवायला पिस्टनला टेकाड दिलं की पृष्ठभाग पुन्हा वाढतो आणि ज्योतीला टेकाड ओलांडून पलीकडे जावं लागतं.

दुसरी उणीव याहून मोठी. पाचरीच्या आकाराच्या साध्या ज्वलनकक्षात, ज्याला वेज म्हणतात, एका बाजूला छत आणि पिस्टन जवळजवळ एकमेकांना टेकतात. तिथलं मिश्रण दाबून जोरात बाहेर फेकलं जातं. त्याला स्क्विश म्हणतात. त्या खळबळीने ज्योत भराभर पसरते. अस्सल हेमीत अशी सपाट पट्टीच नसल्यामुळे मिश्रण त्या मानाने शांत राहतं, ज्वलन रेंगाळतं आणि ठिणगी बरीच आधी द्यावी लागते. म्हणून तर रेसच्या गाड्यांत एका सिलिंडरला दोन प्लग बसवायचे. १९६५ ची अल्फा रोमिओ जीटीए हे ठसठशीत उदाहरण. जे ज्वलन मुळात इतकं परिपूर्ण, त्याला दुसऱ्या प्लगची गरज का पडावी?

“क्रायस्लरने शोधलं”

नाही. अमेरिकेतल्या वेल्च कंपनीने १९०४ च्या सुमारास आणि बेल्जियमच्या पिप कंपनीने १९०५ मध्ये असे ज्वलनकक्ष वापरले होते. पुढे विमानांच्या हवेने थंड होणाऱ्या तारकाकृती इंजिनांत ही मांडणी नित्याची झाली. बीएमडब्ल्यू ३२८ (१९३६), ट्रायम्फची दोन सिलिंडरची स्पीड ट्विन मोटरसायकल (१९३७), १९४८ ची प्यूजो २०३ ही छोटी कौटुंबिक गाडी, त्याच वर्षी आलेलं जॅग्वारचं सहा सिलिंडरचं एक्सके इंजिन, हे सगळे क्रायस्लरच्या आधीचे. यांतल्या एकातही व्ही-८ नाही, हे ‘व्ही-८ म्हणजेच हेमी’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. पुढे पोर्शे ९११ चं सहा सिलिंडरचं आडवं इंजिनही याच जातीचं निघालं.

क्रायस्लरनेही व्ही-८ पासून सुरुवात केली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी १६ सिलिंडरचं, अर्धगोलाकार हेडचं एक विमान इंजिन तयार केलं. ते १९४५ मध्ये प्रयोगापुरतं उडलं आणि युद्ध संपलं. १९५१ मध्ये ५.४ लिटरचं, १८० अश्वशक्तीचं व्ही-८ आलं. त्याचं नाव हेमी नव्हतं, ‘फायरपॉवर’ होतं. ‘हेमी’ हे नाव मिरवलं ते १९६४ च्या ४२६ ने, आणि त्याच वर्षी रिचर्ड पेटीने डेटोना ५०० ही मोटार शर्यत जिंकून ते लोकांच्या तोंडी बसवलं. पहिल्या तिन्ही जागा त्याच इंजिनाच्या प्लिमथ गाड्यांनी घेतल्या होत्या.

क्रायस्लरचं खरं श्रेय वेगळं आहे आणि ते कमी नाही. फाकलेले व्हॉल्व्ह हलवायला जॅग्वारने डोक्यावर दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्या) दिल्या. क्रायस्लरने ब्लॉकमधल्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या मुख्य भागातल्या, एकाच कॅमशाफ्टवर, पुशरॉड (वर ढकलणाऱ्या दांड्या) आणि प्रत्येक हेडवर दोन-दोन रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांचे आस) वापरून तेच काम साधलं, आणि रोजच्या वापराच्या गाड्यांत मोठ्या संख्येने दिलं. ते रुंद हेड आणि झाकणाच्या मधून खाली उतरणारे प्लग ही त्याचीच खूण.

“चार व्हॉल्व्हची इंजिनंही हेमीच”

ती बहुधा पेंटरूफ असतात. म्हणजे छताला घराच्या कौलांसारखे दोन उतार. एका उतारावर दोन इनटेक, दुसऱ्यावर दोन एक्झॉस्ट. एका उतारावरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकमेकांना समांतर, म्हणून एकच कॅमशाफ्ट त्यांना सहज हलवते. खऱ्या घुमटात चार व्हॉल्व्ह बसवायचे तर चारही चार दिशांना फाकवावे लागतात आणि रॉकरची कसरत वाढते. होंडाने १९८० च्या दशकात काही एक सिलिंडरच्या मोटरसायकलींत ती करून दाखवली, आरएफव्हीसी या नावाने. ते अपवाद.

“फक्त प्रदूषणाच्या कायद्यांमुळे बंद पडलं”

हा दावा तारखांपुढेच टिकत नाही. क्रायस्लरने फायरपॉवर मालिका १९५८ च्या मॉडेलांनंतर सोडली आणि १९५९ मध्ये साधी वेज हेडची इंजिनं पुढे केली. अमेरिकेत सबंध देशाला लागू होणारे गाड्यांच्या धुराचे मापदंड १९६८ च्या मॉडेलांपासून आले. कायदा यायला दहा वर्षं असताना कायद्यामुळे बंद? कारण सरळ होतं: दोन रॉकर शाफ्टचं ते हेड जड आणि बनवायला महाग होतं, आणि घनइंच वाढवले की वेजमधूनही हवी तेवढी ताकद मिळत होती.

४२६ चा शेवट १९७१ मध्ये झाला. त्यात धुराच्या नियमांचा वाटा होता, नाकारायचं कारण नाही. पण चढी किंमत, भडकलेले विमा हप्ते आणि थोडकी विक्री हेही होतं. शर्यतीच्या जगात तर धुराचे नियम नव्हतेच, तरी तिथेही हेमी मागे पडलं. १९६७ च्या कॉसवर्थ डीएफव्ही या शर्यतीच्या इंजिनात सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह होते आणि त्यांच्यातला कोन फक्त ३२ अंश; जॅग्वार एक्सकेमध्ये तो ७० होता. कोन आवळला की छत उथळ होतं, पिस्टनला टेकाड लागत नाही, आणि दोन मोठ्या व्हॉल्व्हऐवजी चार लहान असल्याने हवेला वाट उलट जास्तच मिळते. श्वासाच्या ज्या शर्यतीसाठी हेमी जन्मलं, त्याच शर्यतीत ते हरलं.

“२००३ मध्ये जसंच्या तसं परत आलं”

नाव परत आलं. २००३ च्या ५.७ लिटर इंजिनात व्हॉल्व्ह कलते आणि समोरासमोर आहेत, पुशरॉडही आहेत, म्हणजे घराणं ओळखू येतं. पण ज्वलनकक्षाच्या दोन बाजू भरून तिथे सपाट पट्ट्या काढल्या आहेत, स्क्विश मिळावा म्हणून. आणि सिलिंडरमागे प्लग दोन. जुन्या रचनेच्या दोन्ही दुखण्यांवर हे औषध आहे. घुमटाच्या कडा अशा भरण्याची कल्पनाही नवी नाही. फोर्डच्या १९६९ च्या बॉस ४२९ ला त्याच कारणाने ‘सेमी-हेमी’ म्हणत. मला स्वतःला हे नवं इंजिन आवडतं. फक्त त्याच्या झाकणावरचं नाव आता कंपनीची नाममुद्रा आहे, भूमितीचं वर्णन नाही.

जुना घुमट जवळपास मूळ रूपात पाहायचा असेल तर तो ड्रॅग रेसिंगच्या (सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतींच्या) टॉप फ्युएल गाड्यांत सापडतो. त्यांची अ‍ॅल्युमिनियमची इंजिनं ४२६ च्याच वळणाची असतात. तिथे वर भलामोठा ब्लोअर असतो आणि टाकीत नायट्रोमिथेन हे इंधन. हवा दाबून आत कोंबायचं काम ब्लोअर करत असल्यामुळे कॉम्प्रेशन रेशो मुद्दामच कमी ठेवायचा असतो, म्हणजे घुमटाखालची मोकळी जागा तिथे कोणालाच भरून काढायची नसते.