ट्रॅक्टर आतला, लायसन्स बाहेरचं

आज डोकं फिरलंय. एका मित्राला शेतावर ट्रॅक्टरसाठी माणूस हवा होता. मी मामाच्या गावच्या एकाचं नाव सुचवलं. जन्मठेपेची शेवटची वर्षं खुल्या, म्हणजे कडक पहाऱ्याविना चालणाऱ्या कारागृहात काढून सुटलेला. मित्र म्हणतो, "जेलमधला नको रे बाबा." आणि हाच गडी रोज माणुसकीच्या पोस्टी फिरवतो!

अरे, खुल्या जेलात कुणालाही उचलून पाठवत नाहीत. बंद भिंतीआड वर्षानुवर्षं नीट वागलेल्यांतूनच निवड होते. दिवसभर शेतात काम, वेळेवर हजेरी. आणि हे काही परदेशी खूळ नव्हे. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूरचं खुलं जेल औंध संस्थानानं १९३९ मध्ये वसवलंय.

हा आत ट्रॅक्टरवरच असायचा. नांगरट, पेरणी, रोटाव्हेटर सगळं यायचं. डिझेल फिल्टर स्वतः बदलायचा. सुटला तेव्हा लायसन्स नाही. कामाचा दाखला मिळाला, त्यावर ठळक शिक्का कारागृहाचा. तो दाखवायचा कुणाला? ट्रंकेत तळाशी ठेवून दिलाय आणि बांधकामावर विटा वाहतो.

घोडं अडतं ते इथे. शिक्षेच्या शेवटच्या वर्षातच लायसन्सची परीक्षा का घेत नाहीत? सर्टिफिकेट आयटीआयचं द्या, जेलचं नाव कशाला हवं त्यावर? बँकेचं खातं चालू करून द्या, सुटायच्या आधी एखादा मालक गाठून द्या. राजस्थानात सांगानेरच्या खुल्या शिबिरात कैदी कुटुंबासोबत राहतात, दिवसा बाहेर जाऊन कमावतात. सुटायच्या दिवशी त्यांच्या हाताला काम असतं. आपण मात्र सरकारी शेत नांगरून घ्यायचं, तुटपुंजी मजुरी टेकवायची आणि फाटकाबाहेर सोडायचं.

खुल्या जेलातून पळून जातात काही जण. जातात, मान्य.

ज्यांच्या घरचा माणूस याच्या हातून गेला, त्यांनी याला माफ करावं असं म्हणायची माझी हिंमत नाही. त्या घरची बाई त्याच गावात राहते, हा दिसला की वाट बदलते. तिला मी काय सांगणार? कैद्यांना रास्त मजुरी द्या आणि त्यातला वाटा पीडितांसाठी काढा, हे सुप्रीम कोर्टानं १९९८ मध्येच सांगितलंय. आज वीट वाहून जे मिळतं त्यात याचंच पोट भरत नाही, तिच्यासाठी कुठून काढणार? आणि तिचा नकार मी समजू शकतो. माझ्या मित्राचं काय गेलं होतं?

असो. सोमवारी लर्निंग लायसन्ससाठी मी त्याच्यासोबत जातोय. तोवर कुणाला माणूस हवा असेल तर इनबॉक्स करा. "पण तो..." असं सुरू होणारे मेसेज नकोत.